व्हिनेगर चाखणारा तिसरा म्हातारा

सबंध सिंगापुरात असं एकच घर असेल, जिथे जेवायला बसण्याआधी टेबलावरचे सिद्धपुरुष उचलून ठेवावे लागतात. ते घर माझ्या साडूचं. मी बँकेच्या हिशेब खात्यात काम करतो, त्यामुळे तपासल्याशिवाय विधान करायची मला सवय नाही. पण या बाबतीत मी बेधडक सही करून देईन. टॅम्पिनीसमध्ये आमच्यापासून दोन ब्लॉक सोडून माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि तिचा हा नवरा राहतात. दिवसभर हा माणूस वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतो आणि उरलेल्या वेळात जपानी पद्धतीनं शाईची चित्रं काढतो, ज्यांत एकही चूक दुरुस्त करता येत नाही. शाईची कांडी दगडावर पाण्यात उगाळायची, कुंचला बुडवायचा आणि टीपकागदासारखा शाई पिणाऱ्या कागदावर एकदाच फिरवायचा. पडलं ते पडलं. विषयही ठरलेला: ताओ पंथातले जुने सिद्ध. या कथा मूळच्या चीनच्या, तिथून त्या जपानला गेल्या, तिथल्या चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवल्या आणि शेवटी टॅम्पिनीसच्या नवव्या मजल्यावर, आमटीच्या पातेल्याशेजारी वाळत पडल्या.

या सिद्धांची खरी नावं साडूला पाठ आहेत, पण ताईंनी घरगुती नावं पाडली आहेत आणि आम्ही सगळे तीच वापरतो. बेडूकवाला, भोपळेवाला, कुबडीवाला आणि माशावरचा. बेडूकवाला खांद्यावर तीन पायांचा बेडूक घेऊन हिंडतो. त्याच्यासाठी खरा बेडूक बघायला म्हणून साडू एकदा मला एका हॉकर सेंटरमध्ये घेऊन गेला, कारण तिथे बेडकाची पेज विकणारा एक स्टॉल आहे. आम्ही दोघं जन्माचे शाकाहारी. साडू काचेला नाक लावून बेडकांच्या मांड्यांचा अभ्यास करत उभा. मालकानं विचारलं, "सिंगल ऑर डबल?" साडू म्हणाला, "नो अंकल, ओन्ली लुकिंग." मालक म्हणाला, "लुक अल्सो मस्ट क्यू, लाह." मागे खरोखरच रांग लागली होती, आणि तिचं तोंड आमच्याकडे होतं. मी साडूच्या बाहीला धरून त्याला ओढत होतो आणि तो हवेत बोटानं बेडकाची पाठ काढत होता. ही हवेत बोट फिरवायची खोड त्याला एमआरटीच्या गाडीतही आहे. समोर बसलेल्या माणसाच्या भुवया तो बोटानं गिरवू लागला की मी दोन सीट पलीकडे सरकून मोबाइलमध्ये डोकं घालतो. ओळख विचारली तर आमचं नातं काही रक्ताचं नाही.

भोपळेवाल्याकडे एक घोडा असे. काम झालं की तो घोड्याची कागदासारखी घडी घालून त्याला दुधीभोपळ्यात ठेवून देई आणि लागला की पाणी शिंपडून बाहेर काढी. ही कथा पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी सहजच विचारलं, "साडूबुवा, भोपळ्यात पाणी मावणार फार तर दोन लिटर. घोडा केवढा?"

"घडी घातलीय ना."

"घडी घातली तरी घनफळ तेवढंच राहतं."

तो माझ्याकडे फार दयेनं बघत म्हणाला, "हिशेबनीस, तुम्ही भोपळा बाहेरून मोजताय." त्या दिवसापासून तो मला हिशेबनीस म्हणतो आणि मी घरी जाऊन दुधी मोजला हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

माशावरच्याला, म्हणजे माशावर बसून जाणाऱ्या सिद्धाला, काढताना त्यानं आमच्या ब्लॉकखालचं भाजीचं दुकान मासळीचं समजून दुकानदाराला दोन आठवडे त्रास दिला, ते सोडून देतो. पण ढगावरून पडलेल्या सिद्धाची गोष्ट सांगायलाच हवी. हा सिद्ध आकाशातून उडत चालला असताना त्याला नदीवर धुणं धुणाऱ्या बाईच्या पोटऱ्या दिसल्या आणि त्याची सगळी सिद्धी उतरून तो धपकन खाली पडला. साडूनं ते चित्र टॅम्पिनीसमध्ये आणलं. उंच ब्लॉक, खिडक्यांतून बाहेर काढलेल्या बांबूंवर वाळणारे कपडे, नवव्या मजल्यावर कपडे वाळत घालणारी ताई, आणि शेजारून डोकं खाली पाय वर असा चाललेला म्हातारा. ताईंनी चित्र नीट निरखून पाहिलं. म्हणाल्या, "माझे पाय बघून कोण पडणार आहे रे? तू तरी कधी पडलास?" साडू म्हणाला, "मी लग्नाआधीच पडलो होतो. तेव्हापासून उडणं बंद आहे." ताई आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, पण तो रागाचा नव्हता एवढं मलाही कळलं.

कुबडीवाल्याचं प्रकरण जरा वेगळं. हा सिद्ध शरीर मागे ठेवून नुसत्या आत्म्यानं गुरूच्या भेटीला गेला. परत येतो तो शिष्यानं शरीर जाळून टाकलेलं. म्हणजे रजेवर गेलेल्या माणसाची खुर्ची दुसऱ्याला देण्याची पद्धत तेव्हाही होती. मग जवळच मेलेल्या एका लंगड्या भिकाऱ्याच्या शरीरात तो शिरला आणि पुढे त्याच अवतारात राहिला. हे चित्र गणपतीच्या दिवसांत ताईंच्या हॉलमध्ये भिंतीवर वाळत लावलं होतं, नेमकं मखराच्या शेजारी. दाढी वाढलेली, अंगावर चिंध्या, हातात कुबडी, नजर वर. दर्शनाला आलेल्या पुण्याच्या एका बाईंनी गणपतीला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच ओघात यांनाही वाहिलं. मागच्या चौघींनीही वाहिलं. एकीनं हळूच विचारलं, "कुठले हो हे महाराज?"

"जपानचे," ताई म्हणाल्या.

"गुरुवारी असतं का यांचं?"

"शनिवारी. कंपनीला सुट्टी असते ना."

ओल्या बोटांचं कुंकू कागदात पसरलं आणि कुबडीवाल्याच्या कपाळापासून दाढीपर्यंत लाल ओघळ आला. मला वाटलं आता साडू रडेल. तो म्हणाला, "पडलं ते पडलं," आणि चित्र तसंच गुंडाळून चित्रकलेच्या पुढच्या वर्गाला घेऊन गेला.

वर्ग घेतात त्या एक वयस्कर जपानी बाई. सगळे त्यांना सेन्सेई म्हणतात. त्या फार कमी बोलतात. त्यांनी कुबडीवाल्याचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि कुंकवाच्या ओघळावर बोट ठेवून म्हणाल्या, "या चित्रात एवढंच आपोआप आलंय." साडूनं ही स्तुती समजून घरी जिलबी आणली. मला शंका होती, पण जिलबी गरम होती म्हणून मी ती मांडली नाही.

शंकेचं कारण असं की वर्गाचं दरवर्षी एका वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरे आणि त्यात माझ्या साडूचं चित्र कधीही लागलेलं नव्हतं. सेन्सेई प्रत्येकाची चित्रं बघत, एक निवडत आणि साडूपाशी आल्या की मान किंचित हलवून पुढे जात. मग साडू प्रदर्शनभर दारात उभा राहून लोकांना पत्रकं वाटे. "कुणीतरी दारात हवंच," असं तो अगदी आनंदानं म्हणे, आणि मी दरवर्षी जाऊन त्याच्या हातून एक पत्रक घेई. शेवटी एकदा धीर करून त्यानं विचारलं, की माझ्या चित्रांत काय चुकतं? सेन्सेई म्हणाल्या, "तुझ्या सगळ्या सिद्धांना ठाऊक असतं की आपण सिद्ध आहोत." हे त्यानं आम्हाला जेवताना सांगितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

यंदा सेन्सेईंनी सांगितलं की हे त्यांचं शेवटचं प्रदर्शन. वर्ग बंद करून त्या जपानला, लेकीकडे राहायला जाणार होत्या. साडूला त्यांनी विषयही स्वतःच नेमून दिला: व्हिनेगर चाखणारे तीन म्हातारे. उडणं नाही, बेडूक नाही, घोडा नाही. व्हिनेगरच्या रांजणाभोवती तिघे उभे आहेत आणि तिघांनी बोट बुडवून चाटलं आहे. नियमांचा माणूस कन्फ्यूशियस, त्याला ते आंबट लागलं. दुसरे बुद्ध, त्यांना कडू लागलं. तिसरा ताओवाल्यांचा मूळपुरुष लाओत्से, त्याला ते गोड लागलं आणि तो हसतो आहे. चित्रात बाकी काही नाही. तीन तोंडं जमली तर चित्र जमलं. साडू मला म्हणाला, "हिशेबनीस, या वेळी नाही लागलं, तर पुढे कुणाला दाखवू?" मी म्हटलं, बघू. माझ्याकडे एवढाच धीर देण्याची सोय आहे.

आणि तोंडांसाठी त्यानं आम्हालाच उभं केलं. राइस कुकरचं भांडं रांजण म्हणून टेबलावर ठेवलं आणि त्यात चिनी दुकानातून आणलेलं लाल व्हिनेगर ओतलं. मला म्हणाला, "तुम्ही कन्फ्यूशियस. बोट बुडवा." मी पुढे झालो, भांड्याकडे पाहिलं आणि तो ओरडला, "झालं! काढलं!" मी म्हटलं, अजून चाखलं कुठे? तो म्हणाला, "गरज नाही पडली." माझी लेक सोफ्यावरून बघत होती. ती म्हणाली, "बाबाचा नॉर्मल फेसच व्हिनेगर आहे, लाह." मी नंतर आरशात तपासलं. विधान बरोबर होतं. बुद्धांसाठी ताई उभ्या राहिल्या. त्यांनीही काही चाखलं नाही. त्यांनी फक्त शाईचे डाग पडलेल्या आपल्या नव्या पायपुसण्याकडे पाहिलं. संसारातलं सगळं दुःख चेहऱ्यावर आलं आणि साडूनं ते चार रेषांत उचललं.

राहिला लाओत्से. तो कुणालाच जमेना. साडूनं स्वतःचं तोंड आरशात पाहून काढलं, ते पुन्हा आपल्याला सिद्ध समजणारं आलं. माझ्या बायकोनं नकार दिला. मग पुन्हा मीच. मी बोट बुडवलं, चाटलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी हसलो.

"हे हसू ऑडिटरला चहा विचारतानाचं आहे," साडू म्हणाला.

मी पुन्हा हसलो.

"लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्या फोटोंत असाच आहे हा," माझी बायको म्हणाली. "फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून हसतोय."

आता इथे माझा स्वभाव सांगायला हवा. मला काम दिलं की मी ते पद्धतशीर करतो. मी जुन्या चित्रांमधले लाओत्से मोबाइलवर मोठे करून पाहिले. ओठांची टोकं किती वर जातात, डोळे किती मिटतात, हे ठरवलं आणि चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसला जाता-येता सराव सुरू केला. सर्वांत चांगली जागा आमच्या ब्लॉकची लिफ्ट, कारण तिला आरसा आहे. एकदा ओठ बरोबर मापात आणून मी उभा असताना सहाव्या मजल्यावर एक चिनी आजी आत आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पाचव्या मजल्यावर उतरून गेल्या. त्यानंतर मी दिसलो की त्या जिन्यानं जातात. या वयात मी त्यांना व्यायाम लावला, हीच माझ्या सरावाची एकमेव निष्पत्ती.

चित्र दाखवायचा दिवस रविवार. शनिवारी दुपारी ताई आणि माझी बायको सेरंगून रोडला खरेदीला गेल्या होत्या आणि साडूनं मला जेवायला बोलावलं होतं, "एवढं व्हिनेगर प्यालात, त्याची भरपाई" म्हणून. गेलो तर जमिनीवर लाओत्सेच लाओत्से पसरलेले, कुणी मारवाड्यासारखा खूश, कुणी दात दुखल्यासारखा. दोन म्हातारे काढून झालेला, तिसऱ्याची जागा कोरी असलेला शेवटचा चांगला कागद भिंतीशी एकटा ठेवला होता. साडू स्वयंपाकघरात होता. त्यानं भात, बटाट्याची भाजी आणि माझ्या आवडीची सोलकढी केली होती. स्वयंपाक हा त्याचा प्रांत नाही, हे सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. आणि मी ताटात पडलेल्या पदार्थाबद्दल खरं तेच बोलतो, हेही प्रसिद्ध आहे. माझ्यासमोर ताट ठेवताना सासूबाईसुद्धा आधीच "मीठ जरा कमी असेल" म्हणून टाकायच्या.

आम्ही बसलो. तो म्हणाला, "उद्या जरा लवकर याल का? पत्रकं यंदा जास्त छापलीत. वाटायला दोघं असलेले बरे." हे त्यानं नेहमीसारखं आनंदानं म्हटलं, पण म्हणताना तो भाताकडे बघत होता. "सेन्सेईंना सांगेन की दोनच म्हातारे जमले. त्या मान हलवतील." मग वाटी पुढे सरकवून म्हणाला, "घ्या. कशी झालीय बघा."

मी एक घोट घेतला.

फ्रिजच्या दारात ताईंची कोकमाच्या आगळाची बाटली असते. शेजारी, तशाच रिकाम्या बाटलीत, साडूनं उरलेलं लाल व्हिनेगर भरून ठेवलं होतं. दोन्हींचा रंग एक. सोलकढीत आगळाऐवजी व्हिनेगर गेलं होतं, आणि भरपूर गेलं होतं. नारळाचं दूध फाटलं होतं, त्यात लसूण आणि हिरवी मिरची पोहत होती. घशातून ते उतरताना माझे कान आतून गरम झाले. मी तोंड उघडलं. समोर साडू बसला होता, कोपराला शाई लागलेली, कपाळाला शाई लागलेली, आणि माझ्या तोंडाकडे असा बघत होता की जणू निकाल आजच लागणार आहे आणि तो सोलकढीचा आहे.

"छान झालीय," मी म्हणालो. "थोडी अजून घाला."

तो घालायला उठला नाही. वाटी घ्यायला पुढे आलेला त्याचा हात तसाच थांबला. मग तो हळूच उठला, भाताचे हात तसेच पायजम्याला पुसले आणि कुंचल्याकडे गेला. "हलू नका," तो म्हणाला. "पीत राहा."

"किती?"

"आहे तेवढी."

मी प्यालो. वाटी संपली, मी भांड्यातून अजून घेतली. आता बोलून चालणार नव्हतं, थांबूनही चालणार नव्हतं. त्यानं तो शेवटचा कागद जमिनीवर घेतला, गुडघ्यांवर बसला आणि एकदाही खोडल्यासारखं न करता कुंचला फिरवला. भुवया, डोळे, एक गाल, दाढी. मग तो मागे सरकला, आणि घसा कोरडा पडला म्हणून टेबलावरची माझीच वाटी उचलून त्यानं मोठा घोट घेतला.

पुढचं दृश्य मी वर्णन करत नाही. सिंकपाशी जाऊन आल्यावर तो म्हणाला, "अहो, हे व्हिनेगर आहे!"

"आहे."

"तुम्ही छान म्हणालात."

"म्हणालो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी बटाट्याच्या भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगितलं, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

रविवारी सेन्सेई चित्रापुढे उभ्या राहिल्या. कन्फ्यूशियसकडे पाहिलं, बुद्धांकडे पाहिलं, लाओत्सेपाशी थांबल्या. मग वळून त्यांनी सभागृहात पाहिलं. मी खुर्च्या मोजत होतो, कारण पत्रकावर लिहिल्यापेक्षा दोन कमी होत्या. त्या माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि साडूला म्हणाल्या, "याला ठाऊक नाही." त्यांनी स्वतःच्या हातानं चित्र लावलं. जागा उरली होती ती कोपऱ्यात, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी. साडू मात्र प्रदर्शनभर दारातच उभा राहून पत्रकं वाटत होता. मी म्हटलं, अहो, आज तरी आत या. तो म्हणाला, "कुणीतरी दारात हवंच," पण प्रत्येकाला पत्रक देताना तो कोपऱ्याकडे बोट दाखवत होता.

जाताना सेन्सेईंनी ते चित्र जपानला न्यायला मागितलं. साडूनं गुंडाळून दिलं. आनंदाच्या भरात फोटो काढायचा राहून गेला, आणि फोटो काढा असं सुचवायचं काम एरवी माझं असतं, पण तेव्हा मी खुर्च्यांची बेरीज पुन्हा करत होतो. आता साडूनं शाई उगाळणं सोडलेलं नाही, पण चित्र पुरं झालं की गुंडाळी घेऊन तो दाराकडे दोन पावलं जातो आणि मग परत येऊन ती कपाटावर ठेवतो. दर शनिवारी तो सोलकढी करतो, आता आगळाची बाटली दोनदा हुंगून. चांगली होते. मी मीठ कमी आहे म्हणतो, आणि तो क्षणभर माझ्या तोंडाकडे बघतो आणि भात वाढायला लागतो.

मी लिफ्टमध्ये अजून कधी कधी, कुणी नसलं की, प्रयत्न करून बघतो. ओठ बरोबर मापात येतात, पण ते हसू येत नाही. तो चेहरा मी स्वतः फारसा पाहिलेला नाही. तिकडे, मी कधी न पाहिलेल्या गावात, एका म्हातारीच्या भिंतीवर तो हसत असेल, आणि तिथल्या लोकांना वाटत असेल की हा माणूस रोजच असा असतो. इथे त्याच्या शेजारचा, आंबट तोंडाचा, रोज सकाळी खाली उतरतो आणि संध्याकाळी वर येतो. सहाव्या मजल्यावर लिफ्ट थांबते. आजी बघतात, आणि जिन्यानं जातात.